नावांची कमान : इंडिया गेटचे वास्तुकार सर एडविन ल्युटेन्स

दिल्लीच्या कर्तव्यपथावरची ४२ मीटर उंचीची कमान आपण सर्वांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, निदान टीव्हीवर तरी, पाहिलेली आहे. आपल्यापैकी कित्येक कॅडेट्स त्या रस्त्यावरून एकदा तरी कदम मिळवून चालण्याचे स्वप्न पाहतात. मात्र ही कमान ज्यांनी बांधली ते सर एडविन ल्युटेन्स आपल्याला फक्त ‘ल्युटेन्स दिल्ली’ या वर्तमानपत्री शब्दापुरतेच माहीत असतात. त्यांनी कधी बंदूक हाती घेतली नाही. लहानपणी ते भावांसारखे शाळेतही जाऊ शकले नाहीत. तरीही पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांची आठवण जगाने कशी ठेवावी, हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. म्हणून सैनिक होऊ पाहणाऱ्या मुलांनी त्यांचे चरित्र वाचावे असे मला वाटते.

एडविन लँडसीर ल्युटेन्स यांचा जन्म २९ मार्च १८६९ रोजी लंडनमध्ये झाला. तेरा भावंडांत ते दहावे. वडील चार्ल्स ल्युटेन्स सैन्यात कॅप्टन होते. नोकरी सोडल्यावर ते चित्रकार झाले. त्या काळचे प्रसिद्ध चित्रकार एडविन लँडसीर यांचे नाव त्यांनी मुलाला दिले. घरी सगळे त्याला नेड म्हणत. लहानपणी नेडला संधिज्वर झाला आणि त्याची प्रकृती नाजूकच राहिली, म्हणून त्याचे शिक्षण घरीच झाले. कुटुंब सरे परगण्यातल्या थर्सली या खेड्यात राहत असे. नेड दिवसभर गावात भटके, सुताराच्या दुकानात बसे, गवंडी भिंत कशी उचलतात ते पाहत राही. इमारत समजून घेण्याची त्याची एक वेगळीच युक्ती होती. तो चौकटीत बसवलेली काच घेऊन घरासमोर उभा राही आणि टोक काढलेल्या साबणाच्या वडीने काचेतून दिसणाऱ्या घराच्या रेषा काचेवरच गिरवी. चित्र झाले की काच पुसायची आणि पुढच्या घराकडे जायचे. नजरेने माप घेण्याची सवय त्याला अशी लागली.

१८८५ मध्ये तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेत दाखल झाला, पण अभ्यासक्रम पूर्ण न करताच बाहेर पडला. काही काळ अर्नेस्ट जॉर्ज या वास्तुकारांच्या कार्यालयात उमेदवारी केली आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास स्वतःचे काम सुरू केले. त्याच सुमारास त्यांची ओळख गर्ट्रूड जेकिल या बागा रचणाऱ्या बाईंशी झाली. वयाने त्या ल्युटेन्स यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांच्यासाठी बांधलेल्या मन्स्टेड वुड या घराने ल्युटेन्स यांचे नाव झाले. घर ल्युटेन्स यांचे आणि बाग जेकिलबाईंची, अशी ही जोडी पुढे इंग्लंडभर गाजली.

१८९७ मध्ये त्यांचा विवाह लेडी एमिली लिटन यांच्याशी झाला. एमिली यांचे वडील लॉर्ड लिटन हे एकेकाळी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १८७७ चा दिल्ली दरबार त्यांनीच भरवला होता. पुढे जावयाला त्याच दिल्लीत नवे शहर बांधायचे होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? या दांपत्याला पाच मुले झाली. लेडी एमिली पुढे थिऑसॉफीकडे वळल्या आणि जे. कृष्णमूर्ती यांना त्यांनी मुलासारखे मानले. ल्युटेन्स कामात बुडालेले, पत्नी तिच्या शोधात. दोघांचा संसार बराचसा पत्रांतूनच चालला.

१२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज यांनी दिल्ली दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. नव्या शहराची जागा ठरवण्यासाठी १९१२ मध्ये जी समिती आली तिच्यात ल्युटेन्स होते. रायसीना टेकडी पक्की झाली. व्हाइसरॉयचे घर, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, ल्युटेन्स यांच्याकडे आले आणि त्यापुढची सचिवालये त्यांचे मित्र हर्बर्ट बेकर यांच्याकडे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ल्युटेन्स यांना भारतीय वास्तुकलेविषयी सुरुवातीला आदर नव्हता. मंदिरे, मशिदी, राजवाडे पाहून त्यांनी बरीच नावे ठेवली. नव्या राजधानीत भारतीय अंग असलेच पाहिजे, असा आग्रह व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांचा होता. पण काम करताना त्यांचे हात त्यांच्या मतांपेक्षा शहाणे निघाले. राष्ट्रपती भवनाच्या घुमटात सांचीच्या स्तूपाची आठवण आहे, ऊन-पावसासाठी रुंद छज्जे आहेत, छपरावर छत्र्या आहेत, जाळ्या आहेत आणि खांबांच्या माथ्यावर दगडी घंटा आहेत. माणसाची मते आणि त्याचे काम नेहमी एकाच पायरीवर नसतात, हे इथे दिसते.

बेकर यांच्याशी मात्र मैत्री टिकली नाही. दोन सचिवालयांमधून वर जाणाऱ्या रस्त्याचा चढ असा ठेवला गेला की खालून येणाऱ्याला राष्ट्रपती भवन मध्येच दिसेनासे होते. आराखड्याला ल्युटेन्स यांनीच संमती दिली होती, पण चढ प्रत्यक्ष काय करणार हे त्यांच्या ध्यानात उशिरा आले. रस्ता बदलावा म्हणून ते कित्येक वर्षे भांडले आणि हरले. लहानपणी काचेवर घरे गिरवणाऱ्या माणसाकडून नजरेचीच चूक व्हावी, याची खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली. आजही विजय चौकात उभे राहून वर पाहिले तर हा चढ दिसतो.

तेवढ्यात १९१४ साल उजाडले आणि महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांतली सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. त्या सैन्यात आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पूर्वज पलटणीही होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या काठी कूत-अल-अमारा इथे ही डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांतल्या अनेक घरांत त्यानंतर बातमीच आली नाही.

युद्धात एवढी माणसे मेली की त्यांचे काय करायचे हा सरकारपुढे नवाच प्रश्न होता. त्यासाठी १९१७ मध्ये युद्धस्मशानांसाठी एक आयोग नेमला गेला. त्याने ल्युटेन्स आणि बेकर यांना फ्रान्सला पाठवले. रणभूमीवर ल्युटेन्स यांनी मैलोन्‌मैल घाईघाईने उकरलेल्या कबरी आणि त्यांवरच्या साध्या लाकडी खुणा पाहिल्या. एरवी कोट्या करून सगळ्यांना हसवणारा हा माणूस तिथे गंभीर झाला. मेलेल्यांत ख्रिश्चन होते, हिंदू, मुसलमान, शीख, ज्यूही होते. मग स्मारक कोणत्या धर्माचे करायचे? ल्युटेन्स यांनी सुचवले की कोणत्याच धर्माचे चिन्ह नसलेली एक मोठी शिळा प्रत्येक मोठ्या स्मशानात ठेवावी. ही स्मरणशिळा १२ फूट लांब आहे. वरवर पाहता ती सरळ वाटते, पण तिच्या रेषा अतिशय किंचित वक्र आहेत. प्राचीन ग्रीक कारागीर देवळाचे खांब असेच किंचित फुगीर ठेवत, म्हणजे डोळ्याला ते ताठ आणि जिवंत दिसत. आयोगाने आणखी एक नियम केला, तो आपल्यासारख्यांना विशेष पटेल. अधिकारी असो वा शिपाई, श्रीमंत असो वा गरीब, सगळ्यांच्या कबरीवरचा दगड सारखाच.

१९१९ च्या जुलैमध्ये लंडनला शांततेचे संचलन व्हायचे होते. सैन्याने मृतांना सलामी देत पुढे जावे यासाठी काहीतरी उभारा, असे सरकारने ल्युटेन्स यांना सांगितले. हाती जेमतेम दोन आठवडे होते. त्यांनी लाकूड आणि प्लास्टरचा एक उंच, साधा चौथरा उभा केला आणि त्याच्या माथ्यावर शवपेटी ठेवली. पेटी रिकामी होती. त्याचे नाव सेनोटॅफ, म्हणजे रिकामी कबर. संचलन संपले की ते काढून टाकायचे होते. पण ज्यांच्या मुलांची कबर परदेशात होती किंवा सापडलीच नव्हती, असे आईबाप तिथे फुले घेऊन येऊ लागले. गर्दी थांबेना. शेवटी सरकारने तेच स्मारक त्याच जागी दगडात बांधले आणि ११ नोव्हेंबर १९२० रोजी त्याचे अनावरण झाले.

आता दिल्लीच्या कमानीकडे वळू. त्यासाठी आधी रोमला जावे लागेल, कारण अशा कमानींचे मूळ घराणे तिथले. मोठा विजय मिळवून परतलेल्या रोमन सेनापतीची मिरवणूक निघे. चार घोड्यांच्या रथात सेनापती, पुढे लुटीचा माल आणि साखळदंडात बांधलेले कैदी. अशा विजयांची आठवण राहावी म्हणून रस्त्यावर दगडी कमानी उभारत. सम्राट टायटस याची कमान इसवी सन ८१ च्या सुमाराची आहे. तिच्या आतल्या भिंतीवर जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेली सात फांद्यांची समई खांद्यावर वाहून नेणारे सैनिक कोरलेले आहेत. सम्राट कॉन्स्टन्टाइनची कमान इसवी सन ३१५ ची, २१ मीटर उंच, मधे एक मोठे आणि बाजूला दोन लहान दरवाजे असलेली. तिच्यावरची कित्येक शिल्पे ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरून काढून आणलेली आहेत. वरच्या भागात हरलेल्या डेशियन कैद्यांचे पुतळे उभे आहेत. या कमानींच्या माथ्यावर बहुधा रथाचा पुतळा असे आणि लेखात सम्राटाचे नाव असे.

बांधणीचे तत्त्व मात्र आपल्याला गडांच्या दरवाजांवरून परिचित आहे. आधी लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे दगड रचत आणायचे आणि शेवटी माथ्यावर कळीचा दगड बसवायचा. मग सांगाडा काढला तरी कमान पडत नाही, कारण प्रत्येक दगड शेजारच्यावर रेलतो आणि सगळा भार बाजूच्या जाड खांबांत उतरतो. हे खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून ते रुंद आणि वजनदार ठेवावे लागतात. रोमन कमान अशी ठोकळ्यासारखी भारदस्त दिसते, त्यामागे हे कारण आहे.

पुढे नेपोलियनने ऑस्टरलिट्झच्या विजयानंतर १८०६ मध्ये पॅरिसला अशीच, पण ५० मीटर उंचीची कमान बांधायला काढली. ती १८३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी पूर्ण झाली. आपल्या मुंबईचे गेटवे ऑफ इंडियाही याच घराण्यातले. राजा-राणीच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेले आणि १९२४ मध्ये खुले झालेले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून बोटीत चढली. कमान तीच, मिरवणूक उलट्या दिशेची.

दिल्लीच्या कमानीची कोनशिला १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांनी बसवली. त्याच समारंभात काही पलटणींना ‘रॉयल’ हा किताब देण्यात आला. त्यांत कूतच्या वेढ्यात सापडलेली ११७ वी मराठा पलटणही होती. दहा वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, लॉर्ड आयर्विन यांनी कमानीचे उद्घाटन केले. तिचे मूळ नाव अखिल भारतीय युद्धस्मारक.

आकाराने ती रोमन विजयकमानच आहे. भरतपूरच्या दगडाच्या पायावर ती टप्प्याटप्प्याने मागे सरत वर जाते. मधे उंच कमान, बाजूंना लहान कमानी, वर जड माथा. पण रोमन कमानीवर जे जे असते ते इथे शोधून पाहा. साखळीतले कैदी नाहीत. लुटीचा माल नाही. पंख पसरलेली विजयदेवता नाही. माथ्यावर रथ नाही. त्या जागी एक उथळ वाडगे आहे, ज्यात स्मृतिदिनी तेल पेटवून ज्योत लावावी अशी योजना होती. लेखात राजाचे नाव नाही. ‘इंडिया’ हा शब्द आहे आणि दोन्ही बाजूंना रोमन आकड्यांत १९१४ आणि १९१९ ही साले आहेत. कंगोऱ्यावर कोरलेले सूर्य साम्राज्याची खूण आहेत, ती तेवढी राहिली. बाकी भिंतींवर आहेत ती नावे, तेरा हजारांहून अधिक. विजयाचा साचा घेऊन ल्युटेन्स यांनी त्यातून विजयच काढून टाकला आणि त्या जागी माणसे बसवली.

मात्र ही नावे कोणाची, हे नीट समजून घ्यायला हवे. ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्यांची आहेत. परदेशात पडलेल्यांची स्मारके परदेशात आहेत. फ्रान्समध्ये पडलेल्यांची नावे बेकर यांनी न्यूव्ह शापेल इथे बांधलेल्या स्मारकावर आहेत. मेसोपोटेमियात बेपत्ता झालेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. पण तिथे सगळ्यांना एकच माप लावले गेले नाही. अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि भारतीय शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा लिहिला. कूतच्या वाटेवर मेलेला मराठा शिपाई त्या भिंतीवर नावाने नाही, बेरजेत आहे. सगळ्यांना सारखा दगड हा नियम करणाऱ्या आयोगाकडूनच हे झाले. २०२१ मध्ये त्या आयोगाने हा अन्याय मान्य करून माफी मागितली. ल्युटेन्स यांच्या भिंतीवर कोरलेल्या प्रत्येक नावाची किंमत मला या आकड्यांमुळे कळली.

युद्धस्मारकांचे ल्युटेन्स यांचे काम दिल्लीवर थांबले नाही. १९३२ मध्ये फ्रान्समधल्या तिएपवाल इथे त्यांचे सर्वांत मोठे युद्धस्मारक पूर्ण झाले. तिथे एका कमानीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा कमानी एकमेकींत गुंफल्या आहेत. हे कशासाठी? सोमच्या लढाईत ज्यांचे देह सापडले नाहीत अशा बहात्तर हजारांहून अधिक सैनिकांची नावे लिहायला भिंती कमी पडत होत्या. कमानी वाढवल्या की खांब वाढतात आणि खांब वाढले की नावांना जागा मिळते. इमारतीचा आकारच नावांनी ठरवला.

याच माणसाने १९२४ मध्ये राणी मेरीसाठी बाहुलीघरही बांधले होते, ज्यात विजेचे दिवे आणि नळाला पाणी होते. लिव्हरपूलसाठी त्यांनी प्रचंड कॅथेड्रल योजले, पण दुसऱ्या महायुद्धाने काम थांबले आणि त्याचे फक्त तळघर झाले. पहिल्या युद्धाच्या स्मारकांवर आयुष्याची इतकी वर्षे घालवलेल्या ल्युटेन्स यांना दुसरे युद्धही पाहावे लागले. ते संपण्याआधीच, १ जानेवारी १९४४ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात आहेत.

त्यांची दिल्लीतली कमान स्वतंत्र भारताने आपली मानली. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, तिच्याखाली अमर जवान ज्योती पेटली. उलट्या बंदुकीवर हेल्मेट, हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे. जवळच्या छत्रीतला पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवला गेला. २०२२ पासून तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस उभे आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी शेजारीच राष्ट्रीय समर स्मारक झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये कमानीखालची ज्योत तिथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. नव्या स्मारकाला कमान नाही. एकात एक अशी वर्तुळे आहेत आणि त्यांतल्या त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण देणाऱ्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र ग्रॅनाइटची वीट. इथे कोणीही बेरजेत नाही.

आपल्यापैकी जो कोणी प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी किंवा सहलीला दिल्लीला जाईल, त्याने इंडिया गेटसमोर फोटो जरूर काढावा. मग दोन मिनिटे भिंतीजवळ जाऊन एक नाव पूर्ण वाचावे, हुद्द्यासकट आणि पलटणीसकट, आणि ते घरी येऊन आईवडिलांना सांगावे. शंभर वर्षांत त्या नावाचा उच्चार कोणी केला असेल, नसेल. ल्युटेन्स यांनी ती नावे वाचण्यासाठीच कोरून घेतली होती.